तीन वेळा विचारलेलं वाक्य

सकाळचे दहा वाजून सात मिनिटं झाली होती. महाविद्यालयाच्या तळमजल्यावरच्या खोली क्रमांक चारमध्ये कडूबाई मगरे उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर बैठक क्रमांक लिहीत होत्या. प्रत्येक आकडा चौकोनात उतरवण्याआधी त्या तो मोठ्यानं म्हणत, आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला सम्यक खरात 'हूं' म्हणे. हूं आल्याशिवाय पेन कागदाला टेकत नव्हतं.

खोलीत तिघंच होते. तिसरे पर्यवेक्षक इंद्रजीत जाधव, तासिका तत्त्वावर शिकवणारे, वय तीसच्या आत. मे महिना होता. कूलर होता, पण बंद होता. त्याच्या घरघरीत सम्यकचं बोलणं नीट ऐकू येत नाही, म्हणून कडूबाईंनी आल्या आल्या बटण बंद केलं होतं. जाधवसरांचा सदरा पाठीला चिकटला होता. अंध परीक्षार्थीच्या खोलीवर त्यांची ही पहिलीच नेमणूक होती. नियमांचा कागद त्यांनी टेबलावर उलगडून ठेवला होता आणि त्यातल्या दोन ओळींखाली पेन्सिलीनं रेघ मारली होती.

सम्यक चोवीस वर्षांचा आहे. बिडकीनचा. सहाव्या वर्षी त्याची दृष्टी गेली. बी.ए.चे सगळे पेपर सुटले, मराठी साहित्याचा हा एकच अडकला. एका सरकारी कार्यालयातल्या लिपिकाच्या निवड यादीत त्याचं नाव आलेलं आहे. पदवीची गुणपत्रिका वेळेत दिली नाही, तर यादीतला पुढचा उमेदवार घेतला जाणार आहे. पुढची परीक्षा दिवाळीनंतर. तोवर यादी थांबणार नाही. म्हणजे पास व्हायचं, तर याच पेपरात.

हिशेब त्यानं रिक्षातच कडूबाईंना ऐकवला होता. ऐंशी गुणांचा पेपर, सोळा-सोळाचे पाच प्रश्न, पास व्हायला बत्तीस. तीन प्रश्न साहित्यशास्त्राचे. त्यात मागच्या खेपेला त्याला सगळे मिळून चौदा गुण पडले होते आणि यंदा त्याहून जास्तीची त्याला आशा नव्हती. उरलेले दोन प्रश्न नाटकावर. त्या दोघांत मिळून अठरा पाहिजेत.

"अठरा काय, चोवीस आणीन," तो म्हणाला होता. "नाटक अख्खं पाठ आहे, ताई. तुझ्याच आवाजात."

हे खरं होतं. नाटक कडूबाईंनीच त्याला वाचून दिलं होतं.

कडूबाई त्रेचाळीस वर्षांच्या आहेत. बारावी शिकल्या. माहेर लासूर स्टेशनजवळचं. त्यांच्याआधीची दोन लेकरं गेली, म्हणून आईनं तिसरीचं नाव कडू ठेवलं आणि ती जगली. लग्नानंतर त्या बेगमपुऱ्यात आल्या. विद्यापीठाच्या रस्त्यावर काकासाहेब वाघ यांचं झेरॉक्सचं दुकान आहे. मशीनवर त्या असतात, काकासाहेब गल्ल्यावर. २०११ साली एक अंध मुलगी परीक्षेच्या दिवशी सकाळी सव्वानऊला दुकानात आली. ती सांगेल ते लिहून देणारा लेखनिक आलाच नव्हता. काकासाहेब म्हणाले, "जा गं कडूबाई, तुझं अक्षर चांगलंय." त्या गेल्या. तेव्हापासून चौदा वर्षांत त्यांनी दोनशे अकरा पेपर लिहिले. हा दोनशे बारावा.

लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी कमी पाहिजे, असा नियम आहे. बारावी झालेल्या कडूबाईंना बी.ए.चे पेपर लिहिता येतात. मुक्त विद्यापीठाचा प्रवेश अर्ज त्यांनी दोनदा आणला आणि दोनदा कोरा ठेवला. पदवी घेतली, तर पदवीच्या मुलांसाठी लिहिता येणार नाही. त्यांची मुलगी अपेक्षा यावरून घरी चिडवते, "दोनशे पेपर दिलेस, आई. निकाल एकाचाबी नाय."

लेखनिकाला परीक्षेच्या खोलीत चारच गोष्टी बोलता येतात. प्रश्न वाचायचा. लिहिलेलं वाचून दाखवायचं. वेळ विचारली तर सांगायची. आणि नीट ऐकू आलं नाही तर म्हणायचं, "वाक्य परत सांगा." काय काटायचं, कुठं लिहायचं, एवढी चौकशी चालते; याखेरीज एक शब्द निघाला, तर पेपर रद्द होऊ शकतो आणि लेखनिकाचं नाव यादीतून जातं. चौदा वर्षांत कडूबाईंना ताकीद मिळालेली नव्हती. 'परत सांगा' हे त्या क्वचितच म्हणत. त्यांचा कान मशीनवर तयार झालेला आहे. दुकानात तीन गिऱ्हाइकं एकदम बोलली, तरी त्या तिघांच्या प्रती बरोबर काढतात.

दहा वाजून बारा मिनिटांनी त्यांनी प्रश्नपत्रिका वाचायला घेतली. पहिला, दुसरा, तिसरा. सम्यक ओठ न हलवता ऐकत होता. मग चौथा.

"'वेस उघडणारी सगुणा हीच या नाटकाची खरी शोकनायिका आहे.' या विधानाची किल्ली आणि दिवा या प्रतीकांच्या आधारे चर्चा करा. गुण सोळा."

सम्यक हसला. "काय म्हणली? सगुणा?"

कडूबाईंनी प्रश्न पुन्हा वाचला.

"पेपर काढणाराच येडा झाला वाटतं. वेस येसा उघडतो. म्हणून तर त्याला शिक्षा. सर, प्रश्नात चूक आहे."

"प्रश्नाबद्दल मला काही बोलता येत नाही," जाधवसर म्हणाले. "तुम्ही पुढं चला."

"बरं. चौथा शेवटी घेऊ. पाचवा वाच, ताई."

कडूबाईंनी पाचवा वाचला. त्यांचा आवाज तसाच होता. पण पाचव्या प्रश्नाचा अर्थ त्यांच्या डोक्यात शिरला नाही, कारण त्यांना एक चुरगळलेला कागद आठवला होता.

ते नाटक शंभरेक वर्षांपूर्वीचं, पाच अंकी. अभ्यासक्रम बदलला तेव्हा जुनं नाटक गेलं आणि हे आलं. नापास होऊन पुन्हा बसणाऱ्यांना वर्ग नसतो. सम्यकला हे नाटक कुणी शिकवलं नाही. मुलं त्याला वेशीचं नाटक म्हणतात. बहिरोजी नावाचा किल्लेदार आहे. एकदा रात्री वेस उघडल्यामुळं शत्रू आत शिरला होता, म्हणून त्यानं हुकूम काढला आहे, की सूर्य मावळल्यावर वेस कुणासाठीच उघडायची नाही. उघडेल त्याचं डोकं मारलं जाईल, मग तो घरचा का असेना. चौथ्या अंकात त्याचाच मुलगा जखमी होऊन वेशीबाहेर येतो आणि हाका मारतो. बहिरोजी वेस उघडत नाही. किल्ली खुंटीला अडकवतो आणि झोपायला जातो. सून सगुणा देवळीतल्या दिव्यात तेल घालत उभी राहते. पाचव्या अंकात पहाट होते. मुलाचं प्रेत वेशीच्या आत सापडतं. म्हणजे रात्री वेस कुणीतरी उघडली. येसा हा म्हातारा पहारेकरी पकडला जातो. तो हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. बहिरोजी त्याला मृत्युदंड सुनावतो. आणि मग एकाएकी म्हणतो, "वेस मीच उघडली," आणि येसाच्या जागी स्वतःची मान पुढं करतो.

चौथा अंक आणि पाचवा अंक यांच्यामध्ये एक प्रवेश आहे. तो सम्यकनं कधी ऐकलेला नव्हता.

जानेवारीत कडूबाईंनी ग्रंथालयाच्या पुस्तकाची झेरॉक्स काढली होती, पाठपोट. मध्येच कागद मशीनमध्ये अडकला. त्यांनी तो ओढून काढला, चुरगळला होता. पुन्हा काढायचा म्हणून बाजूला ठेवला आणि तेवढ्यात हॉल तिकिटांसाठी पोरांची झुंबड उडाली. संध्याकाळी त्यांनी गठ्ठ्याला पिन मारली. पुढं अकरा दिवस, दुकान बंद करायच्या आधी रोज पाऊण तास, त्या मोबाइलमध्ये वाचत गेल्या आणि सम्यकला पाठवत गेल्या. एरवी त्या प्रत्येक पानाचा आकडा वाचतात. या वेळी दुसऱ्याच दिवशी सम्यकचा निरोप आला होता, "ताई, पान नंबर नको. नाटक तुटतं." त्यांनी आकडे सोडले. एका पानाच्या शेवटी बहिरोजी झोपायला गेला आणि पुढच्या पानाच्या सुरुवातीला पहाट झाली. कुठं काही अडलं नाही.

दहा वाजून सतरा मिनिटांनी हे सगळं त्यांच्या लक्षात आलं. त्या पानावर काय आहे, हे त्यांनाही माहीत नव्हतं. पान सुटलंय, एवढंच माहीत होतं; आणि तेवढंच सांगितलं असतं, तरी सम्यक प्रश्नाला चूक म्हणायचा थांबला असता. तेवढंच सांगायला बंदी होती.

"लिही," सम्यक म्हणाला. "प्रश्न पहिला."

त्या लिहू लागल्या.

साहित्यशास्त्राचे तीन प्रश्न, पहिला, दुसरा आणि पाचवा, बाराला संपले. मग तिसरा घेतला; तो नाटकावरचा, बहिरोजीच्या स्वभावचित्रणाचा होता. तो सम्यकनं न थांबता सांगितला, सव्वासहा पानं. हट्ट हाच त्याचा दोष, सत्तेचा गर्व, पुत्रशोक. शेवटाजवळ त्यानं सांगितलं, "अखेरीस शोकाने भ्रमिष्ट झालेला बहिरोजी 'वेस मीच उघडली' असे बरळतो." कडूबाईंनी तसंच लिहिलं. 'बरळतो'मधला ळ त्यांच्या हातून नेहमीपेक्षा मोठा काढला गेला, हे त्यांना नंतर दिसलं.

शिपाई बद्रीनाथ पाणी घेऊन आला. "मॅडम, पसीना बघा तुमचा. कूलर चालू करू का?"

"नको," कडूबाई म्हणाल्या. त्यांचा घाम कागदावर पडू नये, म्हणून त्यांनी मनगटाखाली रुमाल घेतला.

बारा वाजून पन्नास मिनिटं. चौथा प्रश्न. इतरांचा पेपर एकला संपणार होता. सम्यकला तासाला वीस मिनिटं वाढीव, म्हणजे दोनपर्यंत.

"लिही," सम्यक म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "प्रश्नातील विधान संहितेला धरून नाही. वेस येसा पहारेकरी उघडतो. सबब या प्रश्नाचे उत्तर संभवत नाही."

पेन टेकलं नाही.

"वाक्य परत सांगा," कडूबाई म्हणाल्या.

सम्यकनं परत सांगितलं, जरा सावकाश.

"वाक्य परत सांगा."

जाधवसरांनी मान वर केली. सम्यक चिडला. "ताई, पंखा नाय, कूलर नाय, मी वरडून सांगायलोय. काय ऐकू येईना तुला?" आणि त्यानं तिसऱ्या खेपेला एकेक शब्द तोडून सांगितला, लहान लेकराला सांगावा तसा.

"वाक्य परत सांगा."

जाधवसर खुर्चीवरून उठले. बाकाजवळ आले. "मगरेबाई, कानाला काही त्रास आहे?"

"नाय, सर."

"मग?"

कडूबाईंनी मनगटाखालचा रुमाल सारखा केला.

"मला हे इशारे वाटतात. एकदा विचारलं, समजू शकतो. आणखी एकदा झालं, तर मला वर कळवावं लागेल. त्यांचा पेपर जाईल, तुमचं नाव जाईल. लक्षात येतंय का?"

"व्हय, सर."

कडूबाईंनी वाक्य लिहिलं. प्रश्नातील विधान संहितेला धरून नाही. वेस येसा पहारेकरी उघडतो. सबब या प्रश्नाचे उत्तर संभवत नाही. एकही शब्द इकडचा तिकडं नाही. लिहून झाल्यावर त्यांनी पेन आडवं ठेवलं आणि दोन्ही हात मांडीवर घेतले.

"लिहिलं?"

"लिहिलं."

सम्यक पुढचं सांगेना. कुठंतरी घंटा झाली, शेजारच्या खोल्यांतली बाकं सरकली, पोरं बाहेर पडली, जिन्यात आवाज वाढला आणि ओसरला. एक वाजून चार मिनिटं. जाधवसर खिडकीशी उभे राहून त्या दोघांकडं पाहत होते.

"किती वाजले?"

"एक अकरा."

"प्रश्न वाच."

त्यांनी वाचला. वेस उघडणारी सगुणा. किल्ली आणि दिवा.

"परत."

त्यांनी परत वाचला, त्याच चालीवर, कुठंही दाब न देता. जाधवसर शब्द न् शब्द प्रश्नपत्रिकेशी ताडून पाहत होते.

"आता लिहू नको," सम्यक म्हणाला. "मी नुसता बोलतो. सर, स्वतःशी बोललं तर चालतं ना?"

"लेखनिकाशी बोलायचं नाही."

"नाय, सर. भिंतीशी." त्यानं चेहरा कडूबाईंपासून वळवला. "तीनदा विचारायची बाई नाय ही. बरं. समजा, पेपर बरोबर आहे. समजा, मीच चुकलो. सगुणानं वेस उघडली. कशी? दुसऱ्या अंकात कुलूप उघडतात तर केवढं करकरतं. घरातली म्हातारी म्हणती, 'मेलं कुलूप का मढं, सारी गढी उठवतंय.' मग त्या रात्री कुणीच काऊन जागं झालं नाय?"

तो थांबला. बोटं बाकावर वाजवू लागला.

"किल्ली. पाचव्या अंकात बहिरोजी किल्ली हातात घेतो आन म्हणतो, 'ही ओशट कशी?' मी म्हणायचो, म्हाताऱ्याला भास झाला. भास कशाचा? ओशट म्हणजे ओशट. तेल आहे किल्लीला." बोटं थांबली. "आन दिवा. चौथ्या अंकात सगुणा तेल घालती, 'पहाटेपर्यंत पुरेल' म्हणती. पाचव्याच्या सुरुवातीला येसा काय म्हणतो? 'अजून उजाडलं नाही आणि दिवा विझला कसा?'"

कडूबाई समोरच्या फळ्याकडं पाहत होत्या. त्यांच्या हातातला रुमाल पिळला गेला होता.

"दिव्यातलं तेल कुलपात गेलं," सम्यक म्हणाला. "त्येच तर. दिव्यातलं तेल तिनं कुलपात वतलं. म्हणून ते वाजलं नाय. वेस उघडली, नवऱ्याला आत घेतलं, परत लावली, किल्ली खुंटीला. आन बहिरोजीच्या बोटाला तेल लागलं तव्हा त्याला समजलं. त्यानं इझलेल्या दिव्याकडं बघितलं असंल. येसाला सोडवायचं तर सुनेचं नाव घ्यायला लागतंय. म्हणून म्हणला, मीच उघडली." तो एकदम उभा राहिला. "येडा झालेला नाय तो! ताई, तिसऱ्या प्रश्नात मी भ्रमिष्ट लिव्हलंय!"

"खाली बसा," जाधवसर म्हणाले.

"किती वाजले?"

"एक एकोणीस."

"काट. चौथ्यातलं काट."

"कोणतं वाक्य, ते सांगा," कडूबाई म्हणाल्या. हे विचारणं नियमात होतं.

"तिन्ही वाक्यं. आडवी रेघ. आन लिही. 'सगुणा ही या नाटकाची खरी शोकनायिका ठरते. याचे प्रमाण संवादांत नसून वस्तूंत आहे.' पूर्णविराम."

पुढची पंचवीस मिनिटं त्यानं श्वास घ्यायला उसंत घेतली नाही आणि कडूबाईंनीही मान वर केली नाही. किल्ली म्हणजे सत्ता आणि दिवा म्हणजे आशा, हे पाठ केलेलं वाक्य त्यानं दोन वेळा सुरू केलं आणि दोन्ही वेळा म्हणाला, "राहू दे, ते नको." त्याऐवजी त्यानं सांगितलं, की सगुणेनं आपली आशा विझवून नवऱ्याला आत घेतलं, बहिरोजीची सत्ता तिच्या तेलानं ओशट झाली, आणि ज्या घरात खरं बोललं, की कुणाची तरी मान जाते, तिथं कुणीच खरं बोलत नाही. कडूबाईंचं मधलं बोट पेनाच्या दाबानं पांढरं पडलं होतं. चार पानं झाली.

"किती वाजले?"

"एक सत्तेचाळीस."

"तिसरा काढ. 'भ्रमिष्ट' आहे ते वाक्य वाच."

त्यांनी पानं उलटली, वाक्य सापडलं, वाचलं.

"काट. लिही. 'अखेरीस सर्व उमगलेला बहिरोजी शुद्धीवर राहून खोटे बोलतो.' त्याच्या आधीचं वाक्य वाच. हां, तेबी काट. जागा आहे का?"

"दोन ओळी."

"दोन ओळीत बसव."

त्यांनी अक्षर बारीक केलं. एक वाजून सत्तावन्न मिनिटांनी सम्यक म्हणाला, "बास." कडूबाईंनी पुरवणीला दोरा बांधला.

यानंतर लेखनिकाचं प्रतिज्ञापत्र असतं. छापील कागद, चार ओळी. 'मी परीक्षार्थीस कोणत्याही प्रकारे सूचित केलेले नाही.' खाली सही. कडूबाईंनी अशी दोनशे अकरा केली होती. या वेळी त्यांनी कागद वाचला.

"सर, तीनदा विचारलं, ते यात येतं का?"

जाधवसर गठ्ठ्याला लाख लावायच्या तयारीत होते. त्यांनी हात थांबवला. "तुम्हीच सांगा."

"मला पयल्यांदाच ऐकू आलं होतं."

सम्यकनं मान त्यांच्याकडं वळवली. जाधवसरांनी नियमांचा कागद पुन्हा उचलला, वरपासून खालपर्यंत वाचला, पेन्सिलीच्या रेघांवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "वाक्य परत विचारण्याची मुभा आहे. किती वेळा, ते इथं लिहिलेलं नाही." त्यांनी आपल्या अहवालात एक ओळ लिहिली आणि ती मोठ्यानं वाचली, "'प्रश्न चारमध्ये लेखनिकेने एक वाक्य तीन वेळा विचारले. तोंडी ताकीद दिली.' एवढं घडलं. एवढंच लिहिलंय. मान्य असेल, तर याखाली सही करा."

"आन मी आत्ता म्हणले ते?"

"पेपर दोनला संपला, मगरेबाई. दोननंतरचं माझ्या अहवालात येत नाही."

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून चार मिनिटं झाली होती. कडूबाईंनी सही केली.

बाहेर व्हरांड्यात सम्यकनं त्यांचा दंड धरला नाही. काठी उघडली आणि एकटा चार पावलं पुढं गेला. मग थांबला.

"पान सुटलं होतं. व्हय ना?"

"व्हय. मशीनमध्ये अडकलं. मीच बाजूला ठेवलं."

"चार महिने. चार महिने मी ते ऐकतोय, झोपताना, बसमधी. हॉस्टेलवर पोरांना म्हणायचो, कुठूनबी विचारा. आन मधलं पानच नाय." त्याचा आवाज फाटला. "सांगायचं नाय व्हय, वाचतानाच?"

"मला आज कळलं. प्रश्न वाचला तव्हा."

"मग तव्हा सांगायचं."

"सांगितलं असतं, तर आता पेपर नसता."

त्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाला, "आकडे नको म्हणलो, ते मीच."

"व्हय. मी पान सोडलं, तू आकडे. तू बी तसलाच," कडूबाई म्हणाल्या.

ग्रंथालय तीनपर्यंत उघडं होतं. कडूबाईंनी स्वतःचं ओळखपत्र टेबलावर ठेवून पुस्तक मागितलं. वाचनकक्षात मोठ्यानं वाचता येत नाही, म्हणून ते दोघं चपलांच्या रॅकजवळ, दाराबाहेर बसले. सुटलेली पानं, सत्त्याऐंशी आणि अठ्ठ्याऐंशी. प्रवेशात संवाद जवळजवळ नव्हतेच, कंसातल्या सूचना होत्या. सगुणा खुंटीवरची किल्ली काढते. देवळीतला दिवा उचलते. कुलपाशी वाकते आणि दिव्यातलं तेल त्यात ओतते. अंधार होतो. वेस आवाज न करता उघडते.

"बरोबर," सम्यक म्हणाला. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. "बरोबर. पुढं वाच."

पुढं एकच सूचना होती. कडूबाईंनी ती आधी मनात वाचली.

"काय झालं? संपलं का?"

"नाय." त्यांनी वाचलं, "'येसा पहारेकरी जागा आहे. तो सगुणेला पाहतो आणि भिंतीकडे तोंड करून घेतो.'"

सम्यकनं रॅकला टेकवलेली पाठ सरळ केली.

"हे नाय लिव्हलं मी," तो म्हणाला. "मला वाटलं, येसाला काय माहीतच नाय. हे सोळातलं किती जाईल?"

"मला काय ठाव," कडूबाई म्हणाल्या. त्यांनी पुस्तक परत केलं, ओळखपत्र घेतलं.

अठरा मिळतील की नाही, ते तपासणारा ठरवील. त्यात आता त्या दोघांचं काही उरलं नव्हतं. उत्तरपत्रिकेच्या गठ्ठ्याबरोबर जाधवसरांचा अहवाल परीक्षा विभागात गेला. तिथल्या लिपिकानं तो वाचला, तोंडी ताकिदीच्या रकान्यात कडूबाई मगरे यांच्या नावापुढं 'एक' अशी नोंद केली आणि लेखनिकांची यादी होती तशी फलकावर लावली. त्या यादीनुसार उद्या, बुधवारी, सकाळी दहाला राज्यशास्त्राचा पेपर आहे; खोली क्रमांक नऊ, परीक्षार्थी एक, लेखनिक कडूबाई मगरे, हजर राहण्याची वेळ साडेनऊ.